छोट्या व्यवसायासाठी पेरोल सेवा कशी निवडावी: पहिल्यांदाच निवडणाऱ्यांसाठी मार्गदर्शक

आमच्या व्यवसायात पाच माणसे होती तोवर पगाराचा हिशेब मी स्वतः स्प्रेडशीटवर करत असे आणि त्यात मला काही उणे वाटत नव्हते. पुढे माणसे बारा झाली, त्यांतील तिघे तासांवर पगार घेणारे होते, एक जण महिन्याच्या मधेच नोकरी सोडून गेला आणि त्या महिन्यात सर्वांचेच पगार दोन दिवस उशिरा झाले. तेव्हा मी पेरोल सेवा शोधायला लागलो. पहिली सेवा मी दर पाहून निवडली, दुसरी डेमोवर खूश होऊन. दोन्ही सोडाव्या लागल्या. तिसऱ्या वेळी मात्र आधी आपल्याला काय हवे आहे ते कागदावर मांडले आणि मगच चौकशीला सुरुवात केली. पुढील टप्पे त्याच क्रमाने दिले आहेत.

साधारण पाच ते पन्नास कर्मचारी असलेला व्यवसाय डोळ्यांपुढे ठेवून हे लिहिले आहे. पगारावरचे कायदे देशागणिक, काही ठिकाणी राज्यागणिकही बदलतात. त्यामुळे दरांची आणि मर्यादांची जंत्री येथे दिलेली नाही. एखाद्या देशाचा नियम आला आहे तो मुद्दा स्पष्ट व्हावा एवढ्यापुरताच.

1. आपले पगार आज कसे निघतात ते लिहून काढावे

हा टप्पा बहुतेक जण गाळतात, कारण आपला पगार कसा निघतो हे आपल्याला ठाऊकच आहे असे वाटते. प्रत्यक्षात ते आपल्याला सवयीने ठाऊक असते, नियम म्हणून नव्हे. लेखी मांडायला बसले की पहिल्या दहा मिनिटांतच अडखळायला होते.

कोण मासिक पगारावर आहे, कोण तासांवर किंवा रोजावर, कोणाला विक्रीवर कमिशन मिळते. हजेरी कोठून येते, यंत्रातून की वहीतून. रजेचे नियम काय. जादा कामाचे तास कोण मंजूर करतो. उचल दिली असेल तर ती किती हप्त्यांत वळती होते. कर आणि सामाजिक सुरक्षेच्या कपाती कोणत्या, त्यांवर मालकाचा हिस्सा किती. आणि पगाराची अंतिम यादी कोणाच्या सहीने बँकेत जाते, एवढे सगळे एका पानावर यावे.

बिनपगारी रजेचा एकच प्रश्न घ्या. दरमहा 30,000 पगार असलेल्या माणसाने 31 दिवसांच्या महिन्यात चार दिवस बिनपगारी रजा घेतली, तर त्याला किती द्यायचे? नेहमी 30 ने भागत असाल तर 26,000 द्यावे लागतात. महिन्याच्या प्रत्यक्ष दिवसांनी, म्हणजे 31 ने भागले तर 26,129 होतात, आणि कामाचे 26 दिवस धरून भागले तर 25,385. आपल्या नेमणूकपत्रात आणि आपल्या देशाच्या कायद्यात काय लिहिले आहे त्यावर यांतील बरोबर उत्तर ठरते. पण सेवा पुरवणाऱ्याला ते आपण सांगितले नाही, तर त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये आधीपासून जे ठरवून ठेवले असेल ते लागू होते, आणि फरक लक्षात येतो तो कर्मचारी पगाराची पावती हातात घेऊन आपल्यासमोर उभा राहतो तेव्हा. आमच्याकडे नेमके असेच झाले होते. रक्कम किरकोळ होती, पण "मागच्या वर्षी तर जास्त मिळाले होते" या वाक्याला माझ्याकडे उत्तर नव्हते.

हे पान लिहून झाल्यावर एक गोष्ट प्रामाणिकपणे तपासावी. सर्व माणसे ठरावीक मासिक पगारावर असतील, हजेरीत चढउतार नसेल आणि संख्या चार-पाचच असेल, तर कदाचित वेगळ्या सेवेची गरजच नाही. चांगला हिशेबनीस आणि नीट बांधलेली एक स्प्रेडशीट पुरेशी होते. सेवा घेतल्यानेही काम वाढते, हे कोणी आधी सांगत नाही.

2. किती काम बाहेर द्यायचे ते ठरवावे

"पेरोल सेवा" या एकाच नावाखाली तीन वेगवेगळ्या गोष्टी विकल्या जातात आणि नवखा ग्राहक त्यांच्या दरांची आपसांत तुलना करत बसतो.

पहिला प्रकार म्हणजे नुसते सॉफ्टवेअर. माहिती आपण भरायची, गणित ते करणार, पगाराच्या पावत्या ते बनवणार. सरकारी भरणा आणि विवरणपत्रे मात्र आपणच भरायची. दुसऱ्या प्रकारात आपण दर महिन्याला हजेरी आणि बदल कळवतो, बाकी हिशेब, भरणा, विवरणपत्रे आणि वर्षअखेरची प्रमाणपत्रे सेवा पुरवणाऱ्याची माणसे पाहतात. तिसऱ्या प्रकारात सेवा देणारी संस्था कायद्याच्या काही बाबींपुरती आपल्या कर्मचाऱ्यांची सह-नियोक्ता होते. अमेरिकेत अशा संस्थांना पीईओ म्हणतात आणि त्यांतील काहींना तेथील कर खात्याचे प्रमाणपत्रही असते. हा प्रकार सर्व देशांत नाही आणि जेथे आहे तेथेही वकिलाला दाखवल्याशिवाय त्यात पडू नये.

आपल्याकडे आठवड्यातील काही तास पगाराच्या कामाला देऊ शकणारा आणि नियमांतील बदल वाचणारा माणूस असेल, तर पहिला प्रकार स्वस्त पडतो. असा माणूस नसेल आणि तरी पहिला प्रकार घेतला, तर काम शेवटी मालकाच्याच टेबलावर येते. आमच्या पहिल्या निवडीची चूक हीच होती: मी दुसऱ्या प्रकाराच्या अपेक्षा ठेवून पहिल्या प्रकाराचे पैसे भरत होतो.

3. चूक झाली तर जबाबदार कोण, हे आधी विचारावे

माझ्या मते सर्व टप्प्यांत हा सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण येथे बहुतेकांचा एक ठाम गैरसमज असतो. सेवा घेतली म्हणजे भरण्याची जबाबदारीही दिली, असे आपण धरून चालतो. कायदा तसे मानत नाही. हिशेबाचे काम दुसऱ्याकडे देता येते. नियोक्ता म्हणून असलेले दायित्व बहुतेक ठिकाणी आपल्याकडेच राहते.

अमेरिकेचे कर खाते स्पष्टच सांगते की पेरोल सेवेकडे पैसे दिले आणि तिने ते भरले नाहीत, तरी कर, दंड आणि व्याज सर्वसाधारणपणे मालकाकडूनच वसूल होईल. ब्रिटनमध्ये 2013 पासून पगाराची माहिती पगाराच्या दिवशी किंवा त्याआधी कर खात्याला पाठवावी लागते. ती उशिरा गेली तर दंडाची सूचना मालकाच्या नावाने निघते. भारतात 2022 मध्ये लागू असलेल्या आयकर नियमांनुसार भविष्य निर्वाह निधीसाठी कर्मचाऱ्याच्या पगारातून कापलेली रक्कम मुदतीत भरली नाही, तर ती मालकाच्या उत्पन्नातून खर्च म्हणून वजाच होत नसे. नंतर, विवरणपत्राच्या मुदतीपूर्वी भरली तरीही नाही. सर्वोच्च न्यायालयाने 12 ऑक्टोबर 2022 च्या निकालात यावर शिक्कामोर्तब केले. म्हणजे एका दिवसाच्या उशिरासाठी व्याज तर जाईच, शिवाय त्या संपूर्ण रकमेवर करही भरावा लागे. आता हा एक दिवस सेवा पुरवणाऱ्याच्या कार्यालयात कोणी रजेवर असल्यामुळे गेला असेल, तर? खात्याच्या लेखी त्याने काहीच फरक पडत नाही.

म्हणून पुढील प्रश्नांची उत्तरे तोंडी नव्हे, तर ई-मेलवर किंवा करारात मिळवावीत:

- त्यांच्या चुकीमुळे दंड किंवा व्याज लागले तर ते कोण भरणार? कमाल किती? अनेक करारांत ही भरपाई काही महिन्यांच्या सेवाशुल्काइतकीच मर्यादित असते आणि ती ओळ शेवटच्या पानावर असते.
- आपण माहिती कोणत्या तारखेपर्यंत दिली तर ते मुदतीची हमी देतात? आपण ती तारीख चुकवली तर काय?
- सरकारी खात्याची नोटीस आली तर उत्तर कोण तयार करणार, आणि त्याचे वेगळे पैसे पडतात का?
- प्रत्येक भरण्याची पावती आपल्याला आपोआप मिळते, की मागावी लागते?

आणखी एक सापळा आहे. सरकारी पोर्टलवर आपल्या व्यवसायाची नोंदणी करताना सोय म्हणून सेवा पुरवणाऱ्याचा माणूस स्वतःचाच मोबाइल क्रमांक आणि ई-मेल देतो. त्या दिवशी काम झटपट होते. पुढे सेवा बदलायची वेळ आली की प्रत्येक ओटीपी त्या माणसाच्या फोनवर जातो, आणि तोवर त्याने नोकरी सोडलेली असते. माझे सहा आठवडे अर्ज-विनंत्या करण्यात गेले. पोर्टलवरील मूळ खाते नेहमी आपल्या नावाने, आपल्या क्रमांकावर असावे. सेवा पुरवणाऱ्याला प्रतिनिधी म्हणून वेगळा प्रवेश देण्याची सोय असेल तर तीच वापरावी. आणि महिन्यातून एकदा, कोणावर कितीही विश्वास असला तरी, स्वतः लॉग-इन करून भरणा जमा झाल्याचे पाहावे. पाच मिनिटांचे काम आहे.

4. दराची रचना समजून घ्यावी

दर साधारणपणे तीन प्रकारे लावले जातात: दरमहा ठरावीक मूळ शुल्क, माणशी शुल्क आणि प्रत्येक वेळी पगार काढण्याचे शुल्क, बहुधा यांचे मिश्रण असते. जाहिरातीत माणशी शुल्कच दाखवतात. त्याखेरीज सुरुवातीची मांडणी, वर्षअखेरची प्रमाणपत्रे, महिन्याच्या मधे काढलेला एखादा पगार, दुरुस्त करून पुन्हा भरलेले विवरणपत्र, हजेरी यंत्राची जोडणी, आणि नोकरी सोडून गेलेल्या माणसांची जतन केलेली माहिती यांचे पैसे वेगळे लागतात का ते विचारावे. एक महिना नव्हे, पूर्ण वर्षाचा खर्च मांडून घ्यावा, आणि त्यात दोन माणसे गेली, तीन आली असे धरावे.

5. डेमो त्यांचा असला तरी उदाहरणे आपली द्यावीत

डेमोमध्ये नेहमी एक आदर्श कर्मचारी असतो. तो एक तारखेला रुजू होतो, कधी रजा घेत नाही, त्याला उचल नको असते आणि तो नोकरी सोडत नाही. असा माणूस मला अजून भेटलेला नाही. माझी दुसरी निवड याच माणसाला भुलून झाली.

त्याऐवजी गेल्या वर्षभरातील आपल्याकडचे खरे अडचणीचे प्रसंग, नावे बदलून, घेऊन जावेत आणि ते समोर बसून सोडवायला सांगावेत. मी नेलेली यादी अशी होती:

- महिन्याच्या 17 तारखेला रुजू झालेला आणि पहिल्याच महिन्यात दोन दिवस गैरहजर असलेला कर्मचारी.
- पगारवाढ जूनमध्ये मंजूर झाली, पण एप्रिलपासून लागू. दोन महिन्यांचा फरक, आणि त्या फरकावरच्या कपातीही.
- महिन्याच्या मधेच नोकरी सोडणारा: शिल्लक रजेचे पैसे, उचलीची बाकी आणि अखेरचा हिशेब. भारताच्या 2019 च्या वेतन संहितेनुसार अशा माणसाचे वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत द्यायचे असते. म्हणजे महिनाअखेरीची वाट पाहणारी व्यवस्था येथे कामाची नाही.
- उचलीचा हप्ता आणि बिनपगारी रजा एकाच महिन्यात आल्याने हाती येणारी रक्कम शून्याखाली जाते, असा माणूस. सॉफ्टवेअर उणे रक्कम छापते, हप्ता पुढे ढकलते, की नुसतेच अडते?
- वर्षाच्या मधेच बदललेला दर.

शेवटचा मुद्दा थोडा उलगडून सांगतो. भारतात कर्मचारी राज्य विमा योजनेचे अंशदान 1 जुलै 2019 पासून कमी झाले: मालकाचा हिस्सा 4.75 वरून 3.25 टक्के आणि कर्मचाऱ्याचा 1.75 वरून 0.75 टक्के. आता त्या वर्षी सप्टेंबरमध्ये कोणाच्या जून महिन्याच्या पगारात दुरुस्ती करायची असती, तर जुना दर लागायला हवा होता. प्रत्येक दरासोबत तो कोणत्या तारखेपासून लागू झाला हे जे सॉफ्टवेअर साठवते, त्याला हे जमते. जे फक्त आजचा दर ओळखते ते मागच्या महिन्याचा हिशेब चुकवते, आणि विशेष म्हणजे काहीही सूचना न देता चुकवते. डेमो देणाऱ्याला "मागच्या तारखेचा पगार पुन्हा काढून दाखवा" एवढेच म्हणावे. पुढची दोन मिनिटे पुष्कळ काही सांगून जातात.

डेमो देणारा आणि पुढे आपले काम पाहणारा माणूस एकच नसतो, हेही लक्षात ठेवावे. प्रत्यक्ष काम पाहणाऱ्याशी एकदा बोलणे करून द्यावे असा आग्रह धरावा, आणि शक्य असेल तर महिनाअखेरीच्या दिवशी त्यांच्या मदत-क्रमांकावर फोन करून पाहावा. महिन्याच्या 12 तारखेला सगळेच चटकन फोन उचलतात.

6. पैसे कोणत्या खात्यातून जातात ते पाहावे

काही सेवा फक्त बँकेत पाठवायची यादी तयार करून देतात आणि पैसे आपल्या खात्यातून थेट कर्मचाऱ्यांना जातात. काही सेवा मात्र पगाराची आणि कराची रक्कम आधी स्वतःच्या खात्यात घेतात आणि तेथून वाटतात. दुसरी पद्धत सोयीची असते, पण त्या एक-दोन दिवसांत आपल्या कर्मचाऱ्यांचा पगार दुसऱ्याच्या हाती असतो.

यातला धोका कल्पनेतला नाही. सप्टेंबर 2019 मध्ये न्यूयॉर्क राज्यातील मायपेरोलएचआर ही सेवा अचानक बंद पडली. पगाराचे पैसे मधल्या खात्यात अडकल्याने अनेक कर्मचाऱ्यांच्या खात्यांत जमा झालेले पगार उलट काढून घेतले गेले, काहींच्या खात्यांतून तर एकापेक्षा अधिक वेळा. कंपनीच्या प्रमुखाने पुढे फसवणुकीचा गुन्हा कबूल केला. ज्या छोट्या मालकांनी आपल्या बाजूने पैसे वेळेवर भरले होते, त्यांतील अनेकांना ते पुन्हा भरावे लागले.

म्हणून विचारावे: आमचे पैसे तुमच्या कंपनीच्या चालू खात्यात येतात, की ग्राहकांच्या पैशांसाठी वेगळे राखलेले खाते आहे? त्या खात्याची तपासणी कोण करते? पगाराच्या किती दिवस आधी पैसे घेता? उत्तर गोलमोल आले तर मी पुढे जात नाही. आपल्या खात्यातून थेट पगार देण्याची सोय असेल, तर छोट्या व्यवसायाने तीच निवडावी असे माझे मत आहे, जरी त्यासाठी महिन्यातून एकदा बँकेच्या पोर्टलवर स्वतः मंजुरी द्यावी लागली तरी.

7. माहितीची सुरक्षा आणि घरातले नियम

पगाराच्या माहितीत नाव, पत्ता, बँक खाते, कर क्रमांक आणि कधी कधी कुटुंबीयांचीही माहिती असते. लॉग-इनसाठी दोन टप्प्यांची ओळख-पडताळणी आहे का, माहिती कोठे साठवतात, आणि आयएसओ 27001 सारखे माहिती-सुरक्षेचे प्रमाणपत्र किंवा स्वतंत्र लेखापरीक्षकाचा एसओसी 1 अहवाल आहे का, हे विचारावे. एसओसी 1 अहवाल हा ग्राहकांच्या आर्थिक हिशेबांवर परिणाम करणाऱ्या नियंत्रणांविषयीचा असल्याने पेरोलसाठी तोच अधिक कामाचा आहे. छोट्या सेवांकडे तो नसतो. नसल्यास निदान दुसरे कोणते नियंत्रण आहे ते त्यांना सांगता यायला हवे.

सेवाच बंद पडली तर काय, हाही प्रश्न विचारावा. डिसेंबर 2021 मध्ये हजेरी आणि पगाराचे सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या क्रोनोस या मोठ्या कंपनीच्या क्लाउड यंत्रणेवर खंडणीखोर सॉफ्टवेअरचा हल्ला झाला आणि तिच्यावर विसंबलेल्या रुग्णालयांना आणि पालिकांना कित्येक आठवडे कामाचे तास कागदावर मोजावे लागले. मागच्या महिन्याची पगाराची यादी आपल्या संगणकावर असेल, तर अशा वेळी निदान मागच्या महिन्याएवढा पगार देता येतो आणि फरक नंतर जुळवता येतो. दर महिन्याला ती यादी उतरवून ठेवणे हा आमच्याकडचा नियम आहे.

बाकी बहुतेक गैरप्रकार मात्र सेवेच्या भिंतीआड नव्हे, आपल्याच दारात घडतात. एखाद्या कर्मचाऱ्याच्या नावाने ई-मेल येतो की माझे बँक खाते बदलले आहे, पुढचा पगार नव्या खात्यात टाका; आणि तो ई-मेल त्या कर्मचाऱ्याचा नसतो. खाते बदलण्याची विनंती आली की त्या माणसाशी प्रत्यक्ष किंवा आधीपासून नोंदलेल्या फोन क्रमांकावर बोलल्याशिवाय बदल करू नये. तसेच नवा कर्मचारी यादीत घालणारा आणि पगाराला मंजुरी देणारा असे दोन वेगळे माणूस असावेत. एकच व्यक्ती दोन्ही करत असेल तर अस्तित्वातच नसलेल्या माणसाचा पगार निघू शकतो. छोट्या व्यवसायात दुसरा माणूस म्हणजे बहुधा मालकच, आणि त्याने यादीतील नावे खरोखर वाचावीत.

8. कागदपत्रांची तयारी

सेवा ठरली की मांडणीसाठी पुढील गोष्टी मागितल्या जातील. त्या आधीच गोळा करून ठेवल्यास दोन-तीन आठवडे वाचतात.

- व्यवसायाची नोंदणी, कर क्रमांक आणि सामाजिक सुरक्षा योजनांचे नोंदणी क्रमांक.
- प्रत्येक कर्मचाऱ्याचे नाव ओळखपत्रावर आहे तसेच, जन्मतारीख, रुजू झाल्याची तारीख, कर क्रमांक, बँक खाते आणि नेमणूकपत्र.
- पगाराची रचना: मूळ वेतन, भत्ते, कपाती.
- चालू कर-वर्षातील प्रत्येक महिन्याचे पगारपत्रक, कापलेल्या कराचा तपशील आणि भरण्याच्या पावत्या.
- शिल्लक रजा आणि उचलींची बाकी, ठरावीक तारखेची.
- रजा, जादा काम आणि सुट्ट्यांचे लेखी नियम. पहिल्या टप्प्यात लिहिलेले पान येथे उपयोगी पडते.

नावाच्या अक्षरांकडे दुर्लक्ष करू नये. ओळखपत्रावर एक आणि बँकेत दुसरे नाव असेल, तर पगार किंवा निधीचा दावा अडकतो तो नेमका त्या माणसाला पैशांची निकड असताना.

9. समांतर पगार काढल्याशिवाय जुनी पद्धत बंद करू नये

शक्य असेल तर बदल कर-वर्षाच्या आरंभी करावा, कारण तेव्हा प्रत्येकाचे चालू वर्षाचे आकडे शून्यावर असतात. मधेच बदल करायचा असेल, तर वर्षारंभापासून आजवर दिलेला पगार आणि कापलेला कर नव्या यंत्रणेत माणसागणिक भरावा लागतो. आमच्याकडे दुसऱ्या सेवेने हे आकडे भरलेच नाहीत. यंत्रणेच्या दृष्टीने सर्वांचे वर्ष सहाव्या महिन्यापासून सुरू झाले, उत्पन्न निम्मे दिसले आणि कर कमी कापला गेला. महिन्याला हाती जास्त पैसे येत होते म्हणून कोणी तक्रार केली नाही. चूक शेवटच्या दोन महिन्यांत उघड झाली आणि सगळा राहिलेला कर त्या दोन पगारांतून कापावा लागला. लोकांनी घरखर्चाचे बेत आधीच आखलेले होते. त्या दोन महिन्यांत मला कोणाच्या नजरेला नजर देणे जड गेले.

यावर उपाय एकच: किमान दोन महिने जुन्या आणि नव्या, दोन्ही पद्धतींनी पगार काढावेत, प्रत्यक्ष पैसे जुन्या हिशेबाने द्यावेत आणि दोन्ही यादींतील प्रत्येक माणसाची एकूण रक्कम, प्रत्येक कपात आणि हाती येणारी रक्कम ओळीने ताडून पाहावी. एकूण बेरीज जुळली म्हणून थांबू नये. एकाला जास्त आणि दुसऱ्याला तेवढेच कमी गेले तरी बेरीज जुळते. फरक सापडला तर जुनेच बरोबर असे गृहीत धरू नये. आमच्या स्प्रेडशीटमध्ये तीन वर्षे दडलेली एक चूक या ताळ्यातच सापडली.

घाईने हा टप्पा गाळल्याचे सर्वांत मोठे उदाहरण सरकारी आहे. कॅनडाच्या केंद्र सरकारने 2016 मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांसाठी फिनिक्स नावाची नवी पगार यंत्रणा सुरू केली. ठरलेली प्रायोगिक चाचणी रद्द केली होती, काही कामे यंत्रणेतून वगळली होती, आणि पगाराचे काम जाणणारी अनुभवी माणसे आधीच कमी केली होती. हजारो लोकांना पगार कमी मिळाला, जास्त मिळाला किंवा मिळालाच नाही, आणि ते निस्तरणे वर्षानुवर्षे चालू राहिले. आपल्याकडे बारा माणसे आहेत म्हणून चूक लहान असते एवढेच. ज्याचा पगार चुकतो त्याला ती तेवढीच मोठी असते.

10. करार करतानाच बाहेर पडण्याची वाट पाहून ठेवावी

करार किती काळाचा, आपोआप वाढतो का, सोडण्यासाठी किती दिवस आधी कळवावे लागते आणि दरवाढ कशी होते, हे वाचावे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे सोडताना आपली माहिती कोणत्या स्वरूपात मिळेल. केवळ पीडीएफ पावत्या मिळणार असतील तर पुढच्या सेवेसाठी सगळे आकडे हाताने भरावे लागतील. स्प्रेडशीटमध्ये उघडणाऱ्या फाइली मिळतील असे लेखी घ्यावे.

पगाराच्या नोंदी किती वर्षे जपायच्या याचे नियम वेगवेगळे आहेत: ऑस्ट्रेलियात सात वर्षे, अमेरिकेच्या कर खात्यासाठी किमान चार. सेवा पुरवणारे मात्र खाते बंद झाल्यावर फार काळ माहिती उपलब्ध ठेवतीलच असे नाही. म्हणून जुन्या सेवेचा शेवटचा हप्ता भरण्यापूर्वी प्रत्येक महिन्याचे पगारपत्रक, प्रत्येकाच्या पावत्या, सर्व भरण्याची चलने, विवरणपत्रांच्या पोचपावत्या आणि वर्षअखेरची प्रमाणपत्रे उतरवून घ्यावीत, नोकरी सोडून गेलेल्यांचीसुद्धा. त्यांतील दोन-चार फाइली खरोखर उघडून पाहाव्यात. आमच्याकडे एका वर्षाच्या सर्व फाइली उतरल्या होत्या, नावेही बरोबर होती, आणि आत प्रत्येकीत तोच एक महिना होता.